कोर्स झाला, नोकरी लागली. पण कोर्समुळे लागली का?

विदर्भात पांढरकवडा असो, आर्वी असो की देसाईगंज, तालुक्याच्या बसस्थानकासमोर असा एखादा फ्लेक्स हमखास दिसतो: मोफत प्रशिक्षण, राहणं-जेवण फ्री, नोकरीची हमी. खाली हसऱ्या पोरापोरींचे फोटो आणि एक ठळक आकडा. कुठे ७५ टक्के प्लेसमेंट, कुठे ९०. या आकड्यावर विसंबून बाप पोराला ऐन हंगामात घराबाहेर पाठवतो, ग्रामपंचायत केंद्राला समाजमंदिर वापरायला देते आणि सरकार पुढच्या बॅचचा हप्ता सोडतं. म्हणून हा आकडा कसा तयार होतो, त्यातून काय कळतं आणि काय झाकलं जातं, हे सरपंचापासून बारावी झालेल्या पोरीपर्यंत सगळ्यांना समजलं पाहिजे. गणित अवघड नाही. चौथीचा भागाकार आला की पुरे.

योजनांची ओळख थोडक्यात करून घेऊ. ग्रामीण तरुणांसाठीची दीनदयाल उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना २५ सप्टेंबर २०१४ ला सुरू झाली. वय १५ ते ३५, आणि शिकवलेल्यांपैकी किमान ७० टक्के मुलांना काम लावून देण्याची अट. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना १५ जुलै २०१५ ची, त्यात मुख्यतः थोड्या मुदतीचे कोर्स. स्वतःचा धंदा करू पाहणाऱ्यांसाठी बँकांनी चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत. राज्यात १९ ऑक्टोबर २०२३ ला प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रं सुरू झाली, एकूण ५११. पुढे २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, तिच्यात बारावीला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये महिना विद्यावेतन. आयटीआय तर या सगळ्यांच्या आधीपासून आहेतच.

यातली एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात आलेली नाही. प्रधानमंत्री कौशल्य योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत छोट्या कोर्सनंतर मुलाला काम लागलं का, याचा माग ठेवला जात होता. चौथ्या टप्प्यात प्लेसमेंट योजनेपासून वेगळी काढली गेली. म्हणजे मोजणारे आणखी कमी झाले. आता गावानेच विचारलं नाही तर विचारणार कोण?

टक्का कशाचा?

समजा, एका केंद्रात १२० पोरांची नावं नोंदली. त्यातले २० मधेच सोडून गेले, १०० जणांनी कोर्स पुरा केला. परीक्षेत ९० पास झाले. त्यातल्या ६३ जणांच्या हातात ऑफर लेटर पडलं. केंद्र लिहितं: प्लेसमेंट ७० टक्के. हिशेब खोटा नाही, कारण ९० पैकी ६३ म्हणजे ७० टक्केच होतात. पण गावातून तर १२० पोरं गेली होती. १२० पैकी ६३ धरले की आकडा साडेबावन्नवर येतो.

आता सहा महिने जाऊ द्या. पुण्याकडच्या कारखान्यात गेलेली पोरं दिवाळीला घरी येतात. गावातल्या कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: "पोट्टे दिवाळीले आले अन् वापस गेलेच नाई." समजा सहा महिन्यांनी २७ जणच कामावर टिकले. १२० पैकी २७ म्हणजे साडेबावीस टक्के. बॅच तीच, पोरं तीच, आणि आकडे तीन: ७०, ५२.५, २२.५. तिन्ही बरोबर आहेत. फ्लेक्सवर कोणता जातो हे सांगायला नको.

चौथा आकडाही निघू शकतो, आणि त्यानेच जास्त फसायला होतं. पाहणी करणाऱ्याने सहा महिन्यांनी सगळ्यांना फोन लावले. ४० जणांनी उचलले, बाकीच्यांचे नंबर बंद किंवा बदललेले. उचललेल्यांपैकी २४ कामावर होते. अहवालात लिहिलं गेलं, ६० टक्के पोरं कामावर. पण ज्याचं बरं चाललंय तो फोन उचलतो. ज्याने रिचार्जच मारला नाही, जो घरी येऊन गप्प बसलाय, तो सापडत नाही. म्हणून कोणताही अहवाल हातात आला की आधी एवढंच शोधा: सुरुवातीच्या यादीतले किती जण पाहणीत भेटले? अर्धेही भेटले नसतील तर पुढचे टक्के वाचण्यात वेळ घालवू नका.

नोकरी खरी की कागदावरची, हे पाहायला सरळ मार्ग आहे. पगारातून पीएफ कापला जात असेल तर मुलाला यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर मिळतो, आणि पासबुकात प्रत्येक महिन्याची जमा दिसते. चार महिने जमा दिसली आणि पुढे कोरं, तर गोष्ट स्पष्ट आहे. कंपनी बदलली तरी नंबर तोच राहतो, त्यामुळे नुसती नोकरी बदलली की काम सुटलं, तेही कळतं. पासबुक मुलाच्या संमतीनेच पाहायचं, पण पाहायला मागायचं जरूर. ऑफर लेटरच्या झेरॉक्सवर समाधान मानू नका.

पगारपावती समोर ठेवून

नोकरी लागली एवढ्याने काय झालं? हातात काय उरलं ते पाहू. हा हिशेब मी कोर्स झालेल्या पोरांसोबत बसून मांडतो. आकडे इथे उदाहरणादाखल घेतलेत, जागेप्रमाणे बदलतील.

ऑफर लेटरवर १५,००० रुपये. त्यातून पीएफचे १२ टक्के, म्हणजे १,८००. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, पाऊण टक्का, ११३ रुपये. कँटीन आणि बस ९००. खात्यात आले १२,१८७. आता खोली: चौघांत एक, वाट्याला २,२००. मेस ३,०००. मोबाईल, औषधपाणी आणि सणाला गावी येण्याजाण्याचा महिन्याला पडणारा खर्च १,५००. उरले ५,४८७.

हाच पोरगा गावात राहिला असता तर? ३५० रुपये रोजाने महिन्यातून १८ दिवस काम मिळालं तरी ६,३०० होतात, आणि भाकर घरची. मग त्याच्या आईला वाटतं की एवढ्या दूर जाऊन पोराने मिळवलं काय, आणि तिचं चुकत नाही.

पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे. कापलेला पीएफ त्याचाच आहे, त्यात मालकही भर घालतो. ईएसआयमुळे दवाखान्याचा खर्च वाचतो. गावातले १८ दिवस बारा महिने मिळत नाहीत. आणि वेल्डिंगवर दोन वर्षं हात बसला तर तिसऱ्या वर्षी पगार वाढतो, मजुरीत तसं होणं कठीण. म्हणजे तीन महिन्यांनी मोजलं तर कोर्स तोट्यात दिसेल आणि तीन वर्षांनी फायद्यात. किंवा अगदी उलटही होईल. तुर्कस्तानात बेरोजगारांसाठीच्या सरकारी कोर्सची मोठी पाहणी झाली होती. पहिल्या वर्षी कोर्स केलेल्यांना थोडी बरी कामं मिळाल्याचं दिसलं, तीन वर्षांनी तो फरक पुसला गेला. म्हणून एकदाच मोजून भागत नाही. सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षं, असं पुन्हा पुन्हा पाहावं लागतं.

कोर्स नसता तर?

सगळ्या विषयाचं मर्म या प्रश्नात आहे.

कपाशीचं नवं बियाणं घेऊन दुकानदार सांगतो, एकरी दोन क्विंटल जास्त पिकलं. बियाण्याने पिकलं, की यंदा पाऊस वेळेवर झाला म्हणून? जाणता शेतकरी त्याच वावरात चार तास, म्हणजे चार ओळी, जुन्या बियाण्याचे ठेवतो. माती तीच, पाऊस तोच, खत तेच. मग जो फरक दिसेल तो बियाण्याचा. प्रशिक्षणाचं मोजमाप करताना जगभरचे अर्थशास्त्रज्ञ हेच चार तास शोधत असतात: कोर्स न केलेले, पण बाकी सगळ्या बाबतीत कोर्स केलेल्यांसारखेच तरुण.

ते का लागतात? कारण कोर्स न केलेला पोरगाही रिकामा बसत नाही. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालानुसार देशातल्या १५ ते २९ वयाच्या तरुणांपैकी फक्त ४.४ टक्के जणांनी औपचारिक व्यवसाय प्रशिक्षण घेतलेलं आहे, आणि १६.६ टक्के जण अनौपचारिक मार्गाने शिकलेत. आपल्याकडे हे रोज दिसतं. मोटार रिवाइंडिंग करणारा, ट्रॅक्टरचं इंजिन उघडणारा, मिस्त्रीकाम करणारा पोरगा कोणत्या केंद्रात गेलेला नसतो. मामाच्या गॅरेजमध्ये पाने देता देता शिकलेला असतो. तेव्हा कोर्स केलेल्या पोराची तुलना रिकामटेकड्याशी करता येत नाही. ती या पोराशी करावी लागते.

समजा, कोर्स केलेल्या १०० पैकी ६० जण वर्षाने कामावर आहेत. तशाच पण कोर्स न केलेल्या १०० पैकी ५२ कामावर आहेत. मग कोर्सची कमाई ६० नाही, ८. आता खर्च पाहा. माणशी २५ हजार धरले तर १०० जणांचे २५ लाख. ६० ने भागलं तर एका नोकरीमागे ४१ हजार ६६७ रुपये, ऐकायला स्वस्त. ८ ने भागलं तर ३ लाख १२ हजार ५००. दुसरा भागाकार खरा, आणि तो कोणत्याही फ्लेक्सवर सापडत नाही.

८ हा आकडा वाचून कोर्स वाया गेला असं कोणी समजू नये. जागतिक बँकेतले अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड मॅकेन्झी यांनी विकसनशील देशांतल्या अशा पाहण्या एकत्र करून २०१७ मध्ये आढावा घेतला. व्यवसाय प्रशिक्षणामुळे दर शंभरांत जेमतेम दोघांना जादा काम मिळाल्याचं त्यात निघालं. त्या मानाने ८ म्हणजे मोठं यश. वाईट याचं वाटतं की आपण ९० चे फलक लावतो आणि मग ८ मिळवणाऱ्या चांगल्या केंद्राची कोणी दखलही घेत नाही.

कोर्सच्या आधी आणि नंतर मोजून का चालत नाही? एक तर हंगाम. यवतमाळ-वाशीमकडे ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, मग जानेवारीपर्यंत कापूस वेचणी. भंडारा-गोंदियात जुलैत धानाची रोवणी. गडचिरोलीच्या बाजूला मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता. पश्चिम विदर्भात एप्रिलमध्ये पाहणी केली आणि कोर्स संपल्यावर नोव्हेंबरात पुन्हा केली, तर कोर्समध्ये काही न शिकवताही रोजगार वाढलेला दिसेल.

दुसरं म्हणजे, मुलं कोर्सला येतात केव्हा? सगळं बिघडलं की. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली, तशा वर्षी घरात पैसा नसतो आणि मिळेल त्या कोर्सला नाव दिलं जातं. पुढच्या वर्षी पीक बरं आलं की कमाई आपोआप सावरते आणि श्रेय कोर्सला जातं. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर यांनी हे १९७८ मध्येच दाखवलं होतं: प्रशिक्षणाला येणाऱ्यांची कमाई येण्याच्या ऐन तोंडावर घसरलेली असते. देश वेगळा, रीत तीच.

तिसरी अडचण निवडीची. केंद्र मुलाखत घेऊन चुणचुणीत पोरं निवडतं. ती पोरं कोर्स न करताही कुठे ना कुठे लागलीच असती. मग 'तशीच पण कोर्स न केलेली' मुलं आणायची कुठून? यावर सगळ्यात स्वच्छ उपाय आहे चिठ्ठ्यांचा. जागा ४० आणि पात्र अर्ज १०० आले, तर चिठ्ठ्या टाकून ४० निवडायचे. उरलेले ६० म्हणजे तुमचे जुन्या बियाण्याचे तास. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या शाळाप्रवेशाला सोडत निघते आणि लोक ती मान्य करतात. इथेही तसं करता येतं, वशिल्याचा आरोपही टळतो. आणि ज्यांची चिठ्ठी निघाली नाही त्यांना पुढच्या बॅचला आधी घ्यावं, हे तर माणुसकीने करायलाच हवं.

कोलंबियात २००५ मध्ये असंच केलं. गरीब तरुणांसाठी तीन महिने वर्ग आणि तीन महिने कंपनीत काम, अशी योजना होती, आणि प्रवेश सोडतीने. मुलींची कमाई सुमारे २० टक्क्यांनी वाढली, मुलांच्या बाबतीत फारसा फरक पडला नाही. सगळ्यांची मिळून एकच सरासरी काढली असती तर हे दिसलंच नसतं. आपल्याकडेही मुली, आदिवासी, भूमिहीन यांचे आकडे वेगळे काढायला हवेत.

एक प्रश्न यापुढचा आहे. आपल्या पोराला काम लागलं, पण ते दुसऱ्याच्या पोराचं गेलं असेल तर? समजा, नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या कारखान्यात ५० जागा आहेत. कोर्सवाले ५० लागले, तर एरवी जे लागले असते ते ५० बाहेर. एकूण रोजगार आहे तेवढाच राहिला. फ्रान्समध्ये अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २३५ भागांत हे तपासलं. शिकलेल्या बेरोजगार तरुणांना नोकरी शोधायला मदत दिली गेली होती. मदत मिळालेल्यांना झालेल्या फायद्यातला बराचसा वाटा मदत न मिळालेल्यांच्या तोट्यातून आल्याचं दिसलं. नोकऱ्या मुळातच कमी असलेल्या आपल्या भागात हे विसरून चालणार नाही. वेल्डर वाढवले म्हणून वेल्डिंगची कामं वाढत नाहीत.

पोरी, आणि घरचा धंदा

मुलींचं मोजमाप फक्त नोकरीने करणं अन्यायाचं आहे. नर्सिंग असिस्टंटचा कोर्स करून नागपूरच्या दवाखान्यात लागलेली मुलगी वर्षाने लग्न होऊन परतली, तर कागदावर ती 'नोकरी सोडलेली'. तिचं लग्न दोन वर्षं लांबलं का, पगार तिच्याच खात्यात येत होता का, सासरच्या गावी ती पुन्हा काम करते का, हे कोणी विचारत नाही. विचारलं पाहिजे. आणि ज्या आल्याच नाहीत त्यांचंही काय ते पाहावं. दिल्लीच्या गरीब वस्त्यांमध्ये बायकांच्या सहा महिन्यांच्या शिवणकाम वर्गाची पाहणी झाली. शिकलेल्यांना जास्त काम मिळालं, कमाई वाढली, आणि दीड वर्षानेही ती टिकून होती. पण वर्ग लांब असणं आणि लहान लेकरं सांभाळायला कोणी नसणं, यामुळे अनेकींना ते जमलं नाही. राजधानीत ही गत, तर मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्यात एसटीच्या दिवसाला दोन फेऱ्या असताना काय होत असेल?

स्वयंरोजगाराचा हिशेब वेगळा. तिथे 'कर्ज मंजूर झालं' किंवा 'मशीन वाटली' यालाच यश म्हणायची सवय पडली आहे. मशीन घरात आली आणि वर्षाला दहा ब्लाउज शिवले, तर तो रोजगार नव्हे. वर्षभराची आवक, त्यातून कच्चा माल आणि हप्ता वजा, मग उरलं किती, हे पाहायचं. हाताने काम करत शिकण्याचा विचार आपल्याच भूमीतला आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नई तालीमची मांडणी झाली. मुलांनी केलेल्या वस्तूंतून शाळेचा खर्च निघाला पाहिजे, हीच त्या शिक्षणाच्या खरेपणाची कसोटी, असं गांधीजींचं म्हणणं होतं. त्यावर तेव्हाही वाद झाला, लहान मुलांच्या बाबतीत तो रास्तही होता. पण तरुणांच्या शिवणवर्गाला ही कसोटी आजही लावावी: शिवलेलं विकलं जातंय का?

गावाने काय करायचं

यासाठी पीएच.डी. लागत नाही. ग्रामपंचायतीत एक रजिस्टर ठेवावं. गावातून कोर्सला नाव दिलेल्या सगळ्यांची नोंद त्यात पहिल्याच दिवशी, मधे सोडणाऱ्यांसकट. सोबत घरचा एक दुसरा फोन नंबर, कारण पोरांचे नंबर बदलतात, आईचा बदलत नाही. ज्यांनी अर्ज केला पण जागा मिळाली नाही त्यांचीही नावं. वर्षाने एकाच आठवड्यात सगळ्यांना विचारायचं: काम आहे का, कुठे, किती महिन्यांपासून, हातात किती उरतात. केंद्राच्या माणसाने नव्हे, बचत गटातल्या एखाद्या ताईने किंवा कॉलेजात शिकणाऱ्या पोरांनी विचारावं. ज्याला सांगायचं नसेल त्याच्यावर जबरदस्ती नको. चाळीस-पन्नास नावांत बारीक फरक पकडता येणार नाही, हे खरं. पण चार-पाच गावांनी मिळून केलं तर कोणतं केंद्र नुसते फोटो काढतं आणि कुठे पोरं टिकतात, एवढं नक्की कळेल.

आणि परत आलेल्या पोरांशी निवांत बोलावं. त्यांना नापास समजून सोडून देतो, तिथेच चुकतं. काहींचा ठेकेदाराने तीन महिन्यांत करार संपवला, कोणाला बारा तास उभं राहणं झेपलं नाही, कोणाच्या बापाला लकवा मारला, कोणाला सांगितलेला पगार आणि मिळालेला पगार यातल्या फरकाने धक्का बसला. बिहार-झारखंडमध्ये ग्रामीण कौशल्य योजनेच्या केंद्रांवर संशोधकांनी एक साधा प्रयोग केला होता. काही बॅचेसना कोर्सच्या सुरुवातीलाच पगार, राहणीमान, कामाचं ठिकाण याची खरीखुरी माहिती दिली, काहींना नेहमीसारखं चालू दिलं. माहिती मिळालेल्या बॅचमधली मुलं लागलेल्या कामावर जास्त टिकली. यासाठी ना नवी इमारत लागली, ना नवं यंत्र. परत आलेल्या पोरांची कारणं आणि एका खऱ्या पगारपावतीची झेरॉक्स, एवढं नाव नोंदवायच्या दिवशी ग्रामपंचायतीत सगळ्यांसमोर वाचून दाखवायला अर्धा तास पुरतो, आणि त्या दिवशी आईबापही तिथे बसलेले असले पाहिजेत.